वाफेला वाट

जेवणं झाली होती. जुई फरशीवर पालथी पडून कागदाचे पक्षी घडत होती, मी ओट्यापाशी उभी राहून मनातल्या मनात शिकवायच्या तासाची पहिली चार वाक्यं घोकत होते, आणि त्या सगळ्या शांततेत पुढच्या दाराची कडी लागली. खट्‌.

पाठोपाठ खाट सरकल्याचा आवाज. आत्याबाईंनी रोजच्यासारखी आपली खाट दाराला आडवी लावली.

"आत्याबाई, आज कडी नको ना," मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं. "मुलं यायचीत तीन वाजता."

"येतील तवा काढंन की."

"खाट पण ओढावी लागेल परत."

"ओढंन. हात अजून शाबूत हैत माझे."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या सासूबाई दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत दाराला कडी लावून, वर खाट टाकून पडत. झोप लागायची नाही त्यांना. नुसत्या पडून राहायच्या, एक हात दारावर. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा अभिनंदन, अशाच एका दुपारी जेवणावरून उठून "दोन मिनटांत आलो" म्हणत मोटरसायकल घेऊन सांगली रस्त्याला गेला, तो आलाच नाही; आली ती अपघाताची बातमी. तेव्हापासून त्या वेळेत आमच्या घरातून कुणी बाहेर पडत नसे. जाऊबाई आणि भाऊजी कोल्हापूरहून आले तरी चहा होईपर्यंत बसून राहत.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मलाही ती कडी बरी वाटायची. बाहेर काहीच नको होतं मला. जुई तेव्हा तीन वर्षांची. आम्ही तिघी त्या बंद दाराआड डब्यात डबा घालून ठेवल्यासारख्या राहायचो. मग कधीतरी, कधी ते कळलं नाही, दुपारी कडी वाजली की मी मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहायला लागले. 'मी जरा कोपऱ्यावर जाऊन येते' म्हटलं की आत्याबाई भांडत नसत. नुसतं म्हणत, "काय पाहिजे? मी आणते. तू बस." आणि उन्हात स्वतः जात. जाच असता तर सोपं गेलं असतं. त्या माझे केस विंचरायच्या, पहिली गरम भाकरी मला वाढायच्या, माझ्या तापात रात्रभर पायाशी बसायच्या. अशा माणसाला 'मला जाऊ द्या' कसं म्हणायचं?

म्हणून मी म्हटलंच नव्हतं.

लग्नाआधी मी पुण्यात एका बेकरीत लहान मुलांचे वर्ग घ्यायचे. तिथली जुनी मैत्रीण मध्यंतरी फोनवर म्हणाली, पाचगणीच्या एका निवासी शाळेला मुलांना स्वयंपाक शिकवायला बाई हवी आहे. राहायला दोन खोल्या देतात, मुलीची शाळाही तिथेच. मी अर्ज केला. मग तिथल्या कूपर मॅडमचा फोन आला. "कागद मला नको, बेटा. तू शिकवते कशी ते दाखव. मुलं गोळा कर, मी फोनवर बघते. तास आवडला तर जूनपासून ये."

आत्याबाईंना मी सांगितलं होतं की गल्लीतल्या पोरांचा सुट्टीतला वर्ग आहे, पुण्याची मैत्रीण फोनवरून बघणार आहे.

विषय मी पाय निवडला, म्हणजे इंग्रजीतला 'pie', दोन पाऱ्यांत सारण भरून ओव्हनमध्ये भाजतात तो. नाव काढल्याबरोबर जुईने विचारलं होतं, "कुणाचा पाय?" त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. तासाच्या आदल्या दिवशी मी तिला समोर बसवून अख्खा तास दोनदा म्हणून दाखवला. आत्याबाई बाजूला चिंच फोडत बसल्या होत्या. चिंचोके एका ताटलीत टाकत होत्या, टण, टण.

तीन वाजायला आले आणि दारावर थापा पडल्या.

"आज्जीऽ, दार!" हा सम्मेद. समोरच्यांचा मुलगा, त्याचा आवाज आमच्या अख्ख्या सातव्या गल्लीला पुरायचा.

खाट सरकली, कडी निघाली, आठदहा मुलं घुसली, आणि पुन्हा खट्‌. खाट पुन्हा जागेवर.

"आज्जी, आम्हाला कोंडलं का?" सम्मेदने विचारलं.

"तुला कोंडलं तर गल्लीला झोप लागंल. बस खाली."

मी पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा करत होते. तो सारखा घसरत होता. ओव्हन तापला होता. सकाळीच मी एक पाय तयार करून फ्रिजमध्ये ठेवला होता: तळाला लोणी घालून मळलेल्या मैद्याची जाड पारी, आत कैरी-गुळाचा गुळांबा, वर दुसरी पारी. तिच्यावर मी सुरीने पानाच्या आकाराच्या चार फटी पाडल्या होत्या. तो तासाच्या मध्यावर भाजून निघाला पाहिजे, म्हणजे मुलांसमोर कापता येईल, असा माझा हिशेब.

"आत्याबाई, फ्रिजमधला तेवढा पाय ओव्हनमध्ये सरकवता का? माझे हात अडकलेत."

"डावा का उजवा?" त्या म्हणाल्या, आणि मुलं खिदळली. मला बरं वाटलं. त्या बऱ्या मनःस्थितीत होत्या. माझ्या पाठीमागे फ्रिज उघडला, थोडा वेळ काहीतरी खुडबुड झाली, ओव्हनचं दार लागलं. मी वळून बघितलं नाही.

फोन वाजला. पडद्यावर पांढरे कापलेले केस, मोठा चष्मा. "हं, बेटा. मी नाही असं समज. सुरू कर."

मी सुरू केलं.

"फार पूर्वी," मी म्हटलं, "युरोपात पाय करायचे तेव्हा बाहेरचं कवच बऱ्याचदा खायचंच नाही. जाड, टणक असायचं ते. पेटीसारखं. आतलं मांस-बिंस नीट शिजावं, टिकावं म्हणून."

"मग कवच टाकून द्यायचे?" प्रांजलने विचारलं.

"कधी टाकायचे, कधी नोकरचाकर खायचे."

"म्हणजे आपला डबाच की," सम्मेद म्हणाला. "खायचा डबा."

"अगदी. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, डबाच चवदार केला तर? लोणी घातलं, पातळ लाटला. आणि राजेलोकांच्या मेजवानीत तर गंमतच करायचे. मोठं थोरलं कवच आधी नुसता कोंडा भरून भाजायचे. मग तळाला भोक पाडून कोंडा काढून टाकायचे, आणि त्या भोकातून आत सोडायचे जिवंत पक्षी!"

"खोटं!"

"खरंच. पाहुण्यांसमोर वरची पारी कापली की भुर्रकन सगळे बाहेर."

मी झाकण ठेवलेलं ताट पुढे ओढलं. आदल्या दिवशी गव्हाचा कोंडा भरून मी तसंच एक मोठं कवच भाजलं होतं, तळाच्या भोकातून जुईचे कागदी पक्षी आत भरले होते, प्रत्येकाला दोरा बांधून दोऱ्याची टोकं वरच्या पारीतल्या बारीक फटीतून बाहेर काढली होती. मुलं त्याच्याभोवती अशी वाकली की फोनमध्ये नुसती डोकी दिसायला लागली.

"हात नाही लावायचा. हे शेवटी. आधी प्रत्येकाने आपला पाय करायचा." मी स्टीलच्या वाट्या वाटल्या, लोण्याच्या पिठाचे गोळे वाटले, आत भरायला गुळांबा दिला. कुणी लाटत होतं, कुणी बोटांनी थापत होतं. सम्मेदने बाटलीच्या झाकणाने गोल कापून आपल्या पायला डोळे लावले. एकीने कडेला पिठाची वेणी घातली. माझा आवाज मोकळा झाला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी कुणाची तरी सून, कुणाची तरी विधवा, कुणाची आई असं काही नव्हते, नुसती शिकवत होते. पडद्यावरचा चष्मा पुढे झुकला होता.

आणि मग वास आला. जळक्या गुळाचा.

ओव्हनमध्ये 'फस्स' झालं. मग 'फट्ट'. मी धावले. दार उघडलं तर काळा धूर तोंडावर आला. माझ्या पायची वरची पारी उचकटून उभी राहिली होती, कडेने गुळांबा उसळून खालच्या तापल्या कॉइलवर पडत होता आणि तिथे त्याचा कोळसा होत होता.

"काकू, पायाला प्लास्टर घाला!" सम्मेद ओरडला आणि स्वतःच खोकायला लागला.

मी बटण बंद केलं. मागच्या खिडकीची झडप अर्धीच उघडायची. धूर खाली उतरला. मुलं खोकत होती, जुईचे डोळे गळत होते. फोनमधून कूपर मॅडम विचारत होत्या, "आग आहे काय? मुलांना बाहेर काढ!"

"आत्याबाई, दार उघडा!"

त्या खाटेवर बसल्या होत्या. दारावर हात. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. साडेतीन वाजायचे होते. ती वेळ अजून सरली नव्हती.

"आत्याबाई! पोरं गुदमरतायत!"

"आज्जी," जुई खोकत म्हणाली, "उघड ना."

त्या उठल्या. खाट ओढली, ती भिंतीला आपटली. कडी निघाली. आणि दोन्ही दारं सताड उघडली गेली. भर दुपारचं ऊन एकदम घरात आलं. तसं ते मी त्या घरात कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. धूर त्याच्यातून वेटोळी घेत रस्त्यावर गेला.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. संपलं, असं वाटलं. जून आला तरी मी इथेच असणार. पुढल्या जूनलाही. जुई मोठी होणार, आणि तिलाही कधीतरी कळणार की दुपारी विचारायचं नसतं.

मी जळका पाय बाहेर काढला. पारी उलटी झाली होती. तेव्हा दिसलं: मी पाडलेल्या चारही फटींवर पिठाच्या चकत्या चिकटवलेल्या होत्या. पाण्याचा हात लावून, बोटाने दाबून, कडा एकजीव करून. असं बेमालूम काम आमच्या घरात एकाच माणसाला जमायचं.

आत्याबाई माझ्या बाजूने पुढे आल्या आणि पिठाच्या डब्यासमोर, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन उभ्या राहिल्या.

"म्याडम, ऐकू येतंय का? हिची काय चूक न्हाई. भोकं ठेवली हुती तिनं. मी बुजवली."

"आपण कोण?"

"मी हिची सासू. घरात काय बिघडलं की सासूनंच बिघडवलेलं असतंय, ठाऊक असंल तुम्हाला."

पलीकडून खळखळून हसल्याचा आवाज आला. "पण बुजवली का, आजी?"

"आमच्यात करंजी करतात. करंजीला भोक राहिलं तर संपलं. सारण तेलात उतरतंय, तेल जळतंय, सगळा घाणा वाया. जन्मभर भोकं बुजवत आलेली बाई मी. दिसलं भोक की हात जातोय."

मुलं गप्प होऊन ऐकत होती. का कोण जाणे, मला एकदम शब्द सापडले. मी तो उसवलेला पाय मुलांपुढे ठेवला.

"बघा बरं. आज्जीचं खरं आहे आणि माझंही खरं आहे. करंजीत बाहेरचं तेल आत जाऊ द्यायचं नसतं, म्हणून ती घट्ट मिटायची. पायमध्ये काय आहे?"

"गुळांबा!"

"आणि तो तापला की काय होतं?"

"वाफ," प्रांजल म्हणाली.

"तिला जायला जागा नसेल तर?"

सम्मेदने दोन्ही गाल फुगवले आणि फाट्‌ करून फोडले. सगळ्यांनी तेच केलं. घरभर फाट्‌ फाट्‌.

"म्हणजे करंजी आणि पाय दोघी बहिणीच," मी म्हटलं. "एकीला बाहेरच्यापासून जपायचं, दुसरीला आतल्याला वाट द्यायची."

ओव्हन पुसून पुन्हा तापवला. मुलांच्या वाट्या ताटात मांडल्या. मी भोकं पाडायला सुरी शोधत होते, तर आत्याबाईंनी फडताळातून गोधडी शिवायची दाभण काढली, ज्योतीवर धरली, पुसली. एकेक वाटी पुढे ओढून त्या प्रत्येक झाकणावर भोकं पाडायला लागल्या. घाई नाही. मध्ये एक, भोवताली गोल. सम्मेदच्या पायला नाकपुड्या पाडल्या. शेवटच्या वाटीपाशी थांबून त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं, आणि मला विचारलं, "एवढी वाट पुरंल का गं?"

"पुरेल."

"बघ हं. कमी नको पडायला."

मी मान हलवली. मग ताट उचलून ओव्हनमध्ये सरकवलं.

वाट्या भाजून होईपर्यंत आम्ही पक्ष्यांचा पाय फोडला. कापायचं काम जुईकडे होतं. दोरे ओढले तसे निळे, पिवळे, वर्तमानपत्राचे पक्षी झाकणातून उसळून बाहेर आले. ज्याचा पक्षी त्याने पकडला, आणि दार उघडंच होतं म्हणून सगळी फौज ते दोऱ्याने फरफटवत थेट रस्त्यावर पळाली. जुईसुद्धा. भर उन्हात.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "सावलीतनं पळा गं," एवढंच ओरडल्या.

मुलं आली, आपापली गरम वाटी फडक्यात धरून घेऊन गेली. फोनमध्ये कूपर मॅडम म्हणाल्या, "मला असाच तास पाहिजे होता, बेटा. फुटलेला पाय मुलं विसरणार नाहीत. जूनमध्ये ये. मुलीचं पूर्ण नाव सांग, दाखल्याचं बघते." स्पीकर चालू होता. मी नाव सांगितलं, जुई अभिनंदन मगदूम. आत्याबाई तेव्हा ओव्हनसमोर उकिडव्या बसून जळलेला गूळ सुरीने खरवडत होत्या. खर्र, खर्र. आवाज थांबला नाही.

मी फोन ठेवला. उगाच ओटा पुसत राहिले.

"पाचगणीत थंडी लई असती म्हणं," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातलं फडकं थांबलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोरीनं. चार दिस झालं. तिथं गेल्यावर स्ट्रॉबेरीचा पाय करणार हाय म्हणे आई. स्वेटर दोन लागतील तिला. एक मी विणते, दुसरा विकत घे."

"मी सांगणारच होते, आत्याबाई. धीर होत नव्हता."

"ठाव हाय."

खर्र, खर्र.

तेव्हा मला आदला दिवस आठवला. मी जुईला समोर बसवून म्हणत होते, 'भोकं नाही ठेवली तर अख्खा पाय फुटतो, सगळं वाया जातं', आणि चिंचोके ताटलीत पडायचा आवाज मध्येच थांबला होता. थोडा वेळच. मग पुन्हा टण, टण.

"आत्याबाई, ती भोकं..."

"सवय गं करंजीची," त्या म्हणाल्या. वर न बघता.

मी पुढे विचारलं नाही. त्यानंतर आजतागायत विचारलेलं नाही. जुई आता दहा वर्षांची आहे. इथे पाचगणीत ती नाचाच्या वर्गाला जाते तेवढा वेळ माझा असतो, आणि त्यात हे थोडं थोडं लिहिते आहे. लिहितानाही मला ती दाभणच जास्त दिसते. चकत्या तितक्या दिसत नाहीत.

"तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर," मी म्हटलं. "दोन खोल्या आहेत."

"आणि हितलं दार?"

"कुलूप घालू."

"आणि तो आला तर?" त्या पटकन बोलून गेल्या. मग सुरी फडक्याला पुसत स्वतःशीच हसल्यासारखं केलं. "येडी हाय मी. चहा ठेव."

मी चहा ठेवला. वेळ होऊन गेली होती. दार उघडंच होतं, खाट भिंतीशी तिरकी पडली होती, आणि रस्त्यावरून पोरांचा गलका आत येत होता. आमच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून आत्याबाई भाजीला बसल्या. ओट्यावर पक्ष्यांचं ते मोठं कवच तसंच होतं, वरून कापलेलं, आतून कोरडं.

जुई घामाघूम होऊन आली. तिने आपलाही पक्षी कुणाला तरी देऊन टाकला होता. स्टुलावर चढून तिने कवच उचललं, तळाच्या भोकाला डोळा लावला, आतून आधी माझ्याकडे बघितलं, मग आजीकडे. बराच वेळ आजीकडेच.

"आई," ती म्हणाली, "सगळे पक्षी उडून गेल्यावर राजाची माणसं या रिकाम्या पायचं काय करायची?"